जुळवलेलं रीडिंग

लातुरात तोंड लपवून फिरणं कुणालाच सोपं नाही, आणि उमाकांत डावरेला तर ते या जन्मात जमणारं नव्हतं. आयुष्यभर फिजिक्स शिकवलेला माणूस. दवाखान्यात गेला तर डॉक्टर उठून उभा राहायचा, बँकेत गेला तर मॅनेजर चहा मागवायचा, सिग्नल तोडला तर हवालदारसुद्धा "सर, हळू जावा" म्हणून सोडून द्यायचा. अशा माणसावर नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचा, अर्ज करायची पाळी आली, तेव्हा त्याला बँकेची भीती वाटली नाही की कोर्टाची वाटली नाही. टेबलामागं आपला कोण विद्यार्थी बसला असेल, एवढीच धास्ती होती.

तोंडाला मास्क, डोक्यावर टोपी असा बंदोबस्त करून तो नादारी सल्ला केंद्राच्या पायऱ्या चढला. केंद्र होतं त्याच्या क्लासच्याच गल्लीत. कधीकाळी या गल्लीत पोरांच्या सायकलींमुळं पाय ठेवायला जागा नसायची. मग सरकारनं घरोघरी फुकट शिक्षकयंत्र दिलं. न चिडता, न दमता, तीच गोष्ट हवी तितक्यांदा समजावून सांगणारं. बघता बघता गल्ली ओस पडली. उमाकांतनं मात्र नेमकी तेव्हाच तीन मजली इमारत बांधायला काढली होती. "यंत्र काय डोंबल फिजिक्स शिकवणार," असं तो चारचौघांत छाती ठोकून सांगायचा. यंत्रानं शिकवलं, आणि इमारतीच्या हप्त्यांनी उमाकांतला शिकवलं.

"या सर, बसा," टेबलामागची बाई उभी राहून म्हणाली. "टोपी काढा निवांत. मी मघाशीच ओळखलं."

झालं. ज्याची भीती तेच समोर. ती निलोफर शेख होती. त्यानं क्लास काढायच्या आधी, ज्युनियर कॉलेजात असतानाची त्याची विद्यार्थिनी.

"तुम्ही मला लंबकाचा प्रयोग परत करायला लावला होता," तिनं हसून आठवण करून दिली. "माझं उत्तर बरोब्बर नऊ पॉइंट आठ आलं होतं. तुम्ही जर्नलवर लाल रेघ मारली आणि म्हणालात, उत्तर आधी ठरवून रीडिंग जुळवलंस. पहिलं रीडिंग कितीही वेडंवाकडं आलं तरी तेच लिहायचं."

उमाकांतला ते चांगलं आठवत होतं. सगळ्या वर्गासमोर म्हणाला होता तो. आता तीच पोरगी त्याचे हिशेब तपासणार होती, आणि त्याला खुर्चीत नीट टेकतासुद्धा येईना.

निलोफरनं मात्र लगेच कामाला हात घातला. "अर्ज करायच्या आधी काही गोष्टी पक्क्या डोक्यात ठेवा, सर. आता कुणाचेही पैसे गुपचूप फेडायचे नाहीत. जवळच्या माणसाला आधी देऊन टाकू, बँकेचं बँक बघून घेईल, असं सगळेच करतात. मग ते पैसे त्या माणसाच्या घरून परत आणावे लागतात. दिलेल्याची जास्त बेअब्रू होते. घर बायकोच्या नावावर, गाडी मेव्हण्याच्या नावावर, तेही नाही."

सकाळीच उमाकांतनं स्कूटरचं गिऱ्हाईक बघून ठेवलं होतं. ते पैसे कुणाच्या हातात ठेवायचे, तेही ठरलं होतं.

"मग माणसाला राहतं काय?" त्यानं विचारलं.

"अंगावरचे कपडे, घरातली भांडीकुंडी आणि पोट भरायची हत्यारं. शिंप्याचं मशीन राहतं, सुताराचा रंधा राहतो."

"माझं हत्यार म्हणजे खडू."

"मग खडू राहील," ती म्हणाली. तिला हसू आलं नाही. "पण सगळ्यात महत्त्वाची ती यादी, तुम्ही ज्यांचं देणं लागता त्यांची. बँका, पतसंस्था आम्हाला आपोआप दिसतात. तुम्हाला हातउसने देणारी माणसं दिसत नाहीत. मित्र असतात, नातेवाईक असतात, त्यांचा कागद कुठंच नसतो. त्यांची नावं तुम्ही घालायची. ज्याचं नाव यादीत नाही, त्याला तुमची मालमत्ता विकून होणाऱ्या वाटणीतला एक पैसा मिळत नाही आणि पुढंही कधी मागता येत नाही. आणि नव्या नियमानं अशा प्रत्येकाला तुम्ही स्वतः जाऊन सांगायचं. तोंडानं."

"तोंडानं?"

"हो. पूर्वी लोकांना थेट नोटिशीतून कळायचं. मग डोकी फुटायची, माणसं घर सोडून जायची. म्हणून नियम बदलला. आणि तोंडानं सांगणं कुणालाच जमत नाही, म्हणून ती आली." तिनं मागच्या बंद दाराकडं बोट केलं.

दारावर 'पूर्वसंवाद कक्ष' असं लिहिलेलं होतं. गावात त्याला नुसतं 'तालीम' म्हणायचे.

तालमीची विद्या तशी सरळ होती. हल्लीचे फोन मालकाचं सगळं बोलणं चेहऱ्यांसकट स्वतःपाशी साठवून ठेवायचे. कुणाशी काय बोललो, समोरचा कुठं थांबला, कुठं चिडला, कुठं हसून विषय बदलला, सगळं. त्या बोलण्यावरून यंत्र समोरच्या माणसाची एक सावली बांधायचं. भिंतीवर चेहरा, तोच आवाज, तीच लकब. सावलीसमोर बसायचं आणि जे खऱ्या माणसाला सांगायचं, ते आधी तिला सांगून बघायचं. ती कशी वागते त्यावरून माणूस तयार होऊन जायचा. काम झालं की सावली पुसून टाकायची. आत काय बोलणं झालं, हे केंद्रालासुद्धा कळायचं नाही, तसा कायदाच होता.

"एक लक्षात ठेवा," निलोफरनं बजावलं. "सावली म्हणजे तो माणूस नाही. तुमच्याशी बोलणारा तेवढा तो माणूस. त्यानं तुम्हाला कधी न सांगितलेलं, न दाखवलेलं, ते यंत्राला ठाऊक नसतं."

उमाकांतला हे सांगायची गरज नव्हती. लोहचुंबकाभोवती होकायंत्र फिरवलं, तर जिथं ते ठेवलं तिथलीच दिशा कळते. इतर ठिकाणी काय चाललंय याचा आपण अंदाज बांधतो, आणि अंदाज चुकू शकतो. किती वर्षं त्यानं हेच शिकवलं होतं.

पहिली तालीम त्यानं बसवराजची केली. बसवराज बिराजदार, क्लासच्या नोट्स छापणारा प्रेसवाला, जुना मित्र. बिलं थकलीच होती, वर त्यानं हातउसनेही दिले होते. सावलीतल्या बसवराजनं त्याला आईबहिणीवरून शिव्या घातल्या. उमाकांतनं मान खाली घालून त्या ऐकल्या. मग खऱ्या बसवराजकडं प्रेसवर गेला, तर त्यानंही शब्दाला शब्द त्याच शिव्या घातल्या. फक्त शेवटी धापा टाकत त्यानं विचारलं, "वहिनीला माहिताय का? ती जेवती का नीट?" हे काही यंत्रात नव्हतं. बसवराजनं आजवर असं कधी विचारलंच नव्हतं. उमाकांत प्रेसच्या बाहेर येऊन स्कूटरवर नुसता बसून राहिला. पण सांगून झालं, यादीत नाव पडलं, आणि छातीवरचा एक धोंडा उतरला.

असे आणखी काही उतरले. शेवटी एक राहिला, अक्काचा.

अक्का म्हणजे सुरेखा, त्याची थोरली बहीण. दिली होती औशाला, लातुरापासून अर्ध्या तासावर. तीन वर्षांपूर्वी क्लासमधल्या मास्तरांचे पगार थकले होते. तेव्हा एके दिवशी अक्का अचानक आली आणि शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा त्याच्या हातात देऊन म्हणाली, "खालचा थर तू एकट्यानं खा." खालच्या थरात, फडक्यात गुंडाळून, तिच्या पाटल्या होत्या. बापूंनी, म्हणजे त्यांच्या वडिलांनी, लग्नात घातलेल्या. दाजींना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, तिनं सांगितलं होतं की पाटल्या बँकेच्या लॉकरमध्ये आहेत. उमाकांतनं त्या गहाण ठेवल्या. पगार झाले. नंतर व्याज थकलं, आणि गेल्या वर्षी पाटल्या लिलावात निघाल्या. अक्का फोनवर विचारायची, "सोडवल्यास का रे?" तो म्हणायचा, "पुढच्या महिन्यात." सोनं कुणाच्या तरी मुशीत वितळून गेल्यावरसुद्धा तो तेच म्हणत होता.

तालमीच्या खोलीत भिंतीवर अक्का उमटली. तोच डोक्यावरून घेतलेला पदर, तीच बोलायच्या आधी जरा मान कलती करायची सवय.

त्यानं सगळं सांगितलं. गहाण, व्याज, लिलाव, अर्ज. काही म्हणता काही गाळलं नाही. सावलीनं डोक्यावरचा पदर सारखा केला. मग म्हणाली, "माझं नाव घाल यादीत. आणि दाजींना तू येऊन सांग. माझ्याच्यानं व्हायचं नाही ते. मी आपली दाराआड उभी राहीन."

झालं असतं इथंच. रीडिंग आलं होतं. पण दाजींसमोर बसून बोलायचं उमाकांतच्या जिवावर आलं. दाजींचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. शिक्षण दहावी. पण मेव्हण्याचा अभिमान असा, की औशात कुणीही भेटो, "हे आमचे डावरे सर" अशी ओळख करून द्यायचे. कधी नावानं हाक मारली नाही, वयानं एवढे मोठे असून. त्या माणसाला सांगायचं, तुमच्या बायकोचं सोनं मी बुडवलं.

त्यानं यंत्राला विचारलं, दाजींची सावली होईल का. यंत्र म्हणालं, पुरेसं बोलणं नाही. खरंच होतं ते. फोनवर दाजी "सर, बरंय ना? हं, अक्काशी बोला" एवढंच म्हणायचे.

मग उमाकांतनं अक्काची तालीम पहिल्यापासून लावली, म्हणजे सावलीला आधीचं काही आठवायचं नाही.

या खेपेला त्यानं लिलावाचं सांगितलं नाही. सावली म्हणाली, "मग सोडवून आण की, नादारी कशाला?" पुन्हा पहिल्यापासून. या खेपेला दाजींच्या रक्तदाबाचा विषय काढला. सावली घुटमळली, पण नाव घाल म्हणालीच. पुन्हा. आता भाची शारदाच्या सासरच्यांचा विषय, त्यांच्या कानावर गेलं तर पोरीला टोमणे ऐकावे लागतील वगैरे. दुसऱ्या दिवशी तो परत गेला, तिसऱ्या दिवशीही गेला. कुठला शब्द आधी टाकला की अक्का मऊ पडते, कुठं गप्प बसलं की तिला कणव येते, हे त्याला कळत गेलं. शेवटच्या तालमीत तर तो रडला. खरंच रडला, ढोंग नव्हतं ते. आणि भिंतीवरची अक्का म्हणाली, "राहू दे मग. नको घालू माझं नाव. दाजींना कळायला नको."

ते "राहू दे" अगदी तिचं होतं. लहानपणी आपल्या वाटणीचा लाडू त्याच्या ताटात सरकवताना ती असंच म्हणायची.

उमाकांत चटकन उठला. हवं ते उत्तर आल्यावर कुठला पोरगा आणखी रीडिंग घेतो? यादीच्या खाली एक चौकट होती, 'स्वेच्छेनं बाहेर राहणारे'. देणाऱ्यानं स्वतःच्या तोंडानं नको म्हटलं असेल, तर त्याचं नाव तिथं घालायचं, म्हणजे त्याला नोटीस जात नाही. त्यानं तिथं अक्काचं नाव घातलं, आणि सर्वांशी समक्ष बोललो आहे, या ओळीखाली सही ठोकली.

घरी आल्यावर बायकोनं, शुभांगीनं, ताट वाढता वाढता विचारलं, "अक्कांचं नाव घातलं ना? पहिलं त्यांचं घालायला हवं."

"ती नको म्हणाली."

"नको म्हणाल्या? कधी बोललात तुम्ही?"

"परवा." त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. "दाजींना कळायला नको म्हणाली."

शुभांगीचे डोळे भरून आले. "केवढं मन आहे त्यांचं," ती म्हणाली, आणि त्यानं मोडलेला तुकडा ताटात परत ठेवला. खोटं बोललो नाही, असं तो मनाला बजावत होता. अक्का म्हणालीच होती की. कुणी विचारलं असतं कुठली अक्का, तर मात्र त्याची बोबडी वळली असती.

आता शुभांगीसारखी बाई एवढं ऐकून गप्प बसेल काय? दुसऱ्या दिवशी तिनं औशाला फोन लावला. उमाकांत आंघोळीला गेला होता. "अक्का, तुम्ही नाव नको म्हणालात, कुठं फेडू हे," असं काहीबाही ती बोलली. मग अक्कानं एवढंच विचारलं, "मी कधी म्हणाले?"

उमाकांत बाहेर आला, तर शुभांगी फोन हातात धरून तशीच उभी होती. तिनं नुसतं त्याच्याकडं बघितलं आणि आत निघून गेली. बावीस वर्षांच्या संसारात तिनं असं कधी बघितलं नव्हतं. त्याला वाटलं, त्यापेक्षा बसवराजसारख्या चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुपारी अक्का एसटीनं आली. हातात पिशवी नाही, डबा नाही. ती अशी रिकाम्या हातानं कधीच यायची नाही. सोफ्याच्या कडेवर बसली, पाण्याला हात लावला नाही.

"काय करून बसलास रे?" तिनं विचारलं. "मी नाव नको म्हणाले, असं सांगलालास म्हणं घरात."

"तालमीत म्हणालीस," उमाकांत म्हणाला. स्वतःचाच आवाज त्याला पोरकट वाटला. "यंत्रातली तू."

"यंत्रातली मी." अक्कानं मान कलती केली. "किती वेळा विचारलंस तिला?"

"बरेचदा."

"का?"

त्यानं नजर वळवली. शुभांगी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती.

"बरं, ते राहू दे," अक्का म्हणाली. "पहिल्यांदा काय म्हणाले मी?"

हा प्रश्न येईल असं उमाकांतला स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं. आणि वाटायला हवं होतं, कारण वर्गात तो पोरांना नेमका हाच प्रश्न विचारायचा. त्यानं मान खाली घातली आणि शब्द न् शब्द सांगितला. "माझं नाव घाल. दाजींना तू येऊन सांग. माझ्याच्यानं व्हायचं नाही."

"मग ते बरोबर होतं," अक्का म्हणाली. "ते माझं होतं. पुढचं सगळं तुझं."

त्यानंतर त्यानं लिलावाचं सांगितलं. सांगणं भागच होतं. अक्काच्या हातात पाटल्या दिसत होत्या, पण एक ग्रॅमच्या, वरून सोन्याचं पाणी दिलेल्या. तिनं त्या उगाच एकदा गोल फिरवल्या. "म्हणजे आता येतच नाहीत त्या," ती म्हणाली. तिला रडू आलं, पण तिनं पदर डोळ्याला लावला नाही, तशीच बसून राहिली. उमाकांतला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

"तुझी अब्रू वाचवत होतो," तो कसाबसा म्हणाला. "दाजींपुढं तुला..."

"माझी?" अक्का पहिल्यांदा चिडली. "मी दिलं होतं ते, उमाकांत. चोरलं नव्हतं. बापूंनी मला घातलेलं मी माझ्या भावाला दिलं. तू माझं नाव काढलंस म्हणजे मी दिलंच नव्हतं असं झालं ना? सोनं गेलं ते गेलंच, आणि मी दिलेलं पण गेलं."

शुभांगीनं आतून चहा आणला. अक्कानं तो घेतला, एवढाच काय तो दिलासा.

सकाळी उमाकांत केंद्रात गेला. टोपी, मास्क काही घातलं नाही. निलोफरला म्हणाला, बहिणीचं नाव वरच्या यादीत घ्यायचं आहे. तिनं अर्ज उघडला आणि तिचे हात थांबले.

"तुम्ही समक्ष बोललो म्हणून सही केली आहे, सर."

"हो."

"कारण लिहावं लागेल." ती स्क्रीनकडंच बघत हळू आवाजात म्हणाली, "गैरसमज झाला असं लिहिलं तर थोडा दंड भरून चालतं. जाणूनबुजून केलं असं लिहिलं तर अर्ज रद्द होतो. पुन्हा पहिल्यापासून, आणि तोही वर्षभरानं. तोवर वसुलीवाले दारात येणार, घरावर जप्तीची पाटी लागणार. नीट विचार करून सांगा. मी गैरसमज लिहू का?"

तिनं त्याच्यासाठी दार उघडून धरलं होतं. त्यातून निसटायचं काय, उमाकांतला आता चांगलंच जमत होतं. शब्दसुद्धा तयार होते. समोर बसलेल्या पोरीला त्यानं सगळ्या वर्गात उभं करून सांगितलेलं मात्र तिच्या लक्षात राहिलं होतं, आणि त्याच्या राहिलं नव्हतं, याची त्याला मनापासून लाज वाटली.

"रीडिंग जुळवलं मी," तो म्हणाला. "तसंच लिही."

निलोफरनं बोट फिरवलं आणि अर्जावर या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल रेघ उमटली. तिचे डोळे ओले झाले होते. त्याच्याच्यानं तिकडं बघवेना.

"तालीम करायची का, सर?" तो उठताना तिनं विचारलं. "बहिणीच्या घरी सांगायचं असेल तर?"

"दाजींची सावली होत नाही," तो म्हणाला.

औशाला तो दुपारी पोचला. दाजी ओसरीवर जळकी मोटार उघडून बसले होते. त्याला बघताच त्यांनी हात पुसले. "अरे, सर! या या. अगं, सर आलेत, खुर्ची आण."

"खुर्ची नको," उमाकांत म्हणाला आणि त्यांच्यासमोर खाली फरशीवर बसला. आतल्या दाराआड अक्काच्या साडीचा काठ दिसत होता. यंत्र म्हणालं होतं तशीच ती उभी होती.

सुरुवात कशी करायची, हे त्याला ठाऊक नव्हतं. सराव केलेले सगळे शब्द अक्कासाठी होते, आणि तेही खोटे होते. त्यानं सरळ सांगितलं. लाडवांचा डबा, गहाण, लिलाव, नादारी, आणि शेवटी तालीम. तालमीचं सांगताना त्याचा आवाज फाटला.

हातातली तांब्याची तार दाजी बोटाभोवती गुंडाळत होते, सोडत होते. मग ते दाराकडं न बघताच म्हणाले, "शारदाच्या लग्नात हातात काय होतं मग?"

दाराआडचा काठ हलला, आणि अक्का बाहेर आली.

हे यंत्राला ठाऊक नव्हतं. यंत्रातली अक्का दाराआडच उभी राहणार होती, कारण उमाकांतच्या समोर ती जन्मभर तशीच वागली होती. खऱ्या अक्कानं ओसरी ओलांडली, हातातल्या एक ग्रॅमच्या पाटल्या काढल्या, दाजींच्या पुढ्यात मोटारीच्या झाकणावर ठेवल्या, आणि भावाच्या शेजारी फरशीवर बसली.

"ह्या होत्या," ती म्हणाली. "मी दिल्या खऱ्या, विचारलं नाही तुम्हाला. त्याच्या एकट्यावर घालू नका."

दाजींनी पाटल्या उचलून बघितल्या. "व्याह्यांना मी सांगत होतो," ते म्हणाले, "आमच्या हिच्या पाटल्या हिच्या वडिलांनी घातलेल्या हैत म्हणून. चार लोकांत हात धरून दाखवला तुझा." त्यांचा चेहरा लाल झाला होता. आता तिघंही खाली मान घालून बसले होते, आणि कुणाची लाज कुणापेक्षा मोठी, हे सांगणं कठीण होतं.

"यादीत नाव घातलं का आता?" दाजींनी विचारलं.

"अर्जच रद्द झालाय. वर्षभरानं परत करायचा. तेव्हा पहिलं नाव अक्काचं राहील."

"आणि मिळतील किती?"

"रुपयाला दहा-अकरा पैसे," उमाकांत म्हणाला. "फार तर."

दाजींनी मान डोलावली. अक्का काहीतरी बोलायला गेली. बहुतेक तेच "राहू दे" तिच्या ओठावर आलं असावं, कारण दाजींनी तिला हातानं थांबवलं.

"राहू बिहू द्यायचं नाही," ते म्हणाले. "अकरा पैसे तर अकरा पैसे. ते हिचे आहेत आणि ते आम्ही घेणार. येशील तेव्हा असाच समोर येऊन बस." मग त्यांनी तार खाली टाकली आणि मोटार पुन्हा जवळ ओढली. "तोवर हा दिवा जरा वर धर, उमाकांत. आतलं दिसत नाही."

दाजींनी त्याला नावानं हाक मारली होती. 'सर' गेलं ते कायमचं गेलं, हे उमाकांतला कळलं, आणि ते परत मागायला त्याच्याकडं तोंड नव्हतं. त्यानं दिवा उचलला आणि दाजी सांगतील तिथं धरून बसला.